पोह्यांवरची लिंबाची फोड

सकाळी सव्वासहाला कांदेपोह्यांची बशी समोर येते. वर कोथिंबीर, ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड. शेजारी वाफाळता चहा. नववीतली मुलगी एका हाताने केसांना रबर लावत चार-सहा घास खाते, फोड तशीच बशीत ठेवते, चहा संपवते आणि शाळेच्या बसला पळते. आईला बरं वाटतं, चला, निदान पोटात काहीतरी गेलं.

पोटात गेलं हे खरंच. पण त्यातलं रक्तापर्यंत किती गेलं? वाढत्या वयातल्या मुलांच्या खाण्याबद्दल घरोघरी इतकं बोललं जातं, त्यात हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण साडेचार मिलिग्रॅम लोह असतं. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात पाऊण मिलिग्रॅमही नसतं. म्हणजे बशीभर पोह्यांतून, पन्नास ग्रॅम धरले तर, सव्वादोन मिलिग्रॅम लोह त्या मुलीच्या पोटात गेलं. धान्य, डाळी, भाज्या यांतलं लोह आतड्यात शोषलं जाताना शंभरातले पाच ते दहा भागच आत जातात. सोबत आंबट काही असेल तर हे प्रमाण दुपटी-तिपटीने वाढतं. सोबत चहा असेल तर निम्म्याच्याही खाली येतं. त्या मुलीने फोड बशीत ठेवली आणि चहा घेतला. पदार्थ चांगला होता, आईने पहाटे उठून केला होता, आणि तरीही त्यातला बहुतेक लोहाचा भाग आला तसा निघून गेला.

मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. पौष्टिक पदार्थांच्या याद्या आपल्याकडे भरपूर आहेत. पण कशासोबत, केव्हा आणि कुठल्या भांड्यात हे त्या याद्यांमध्ये नसतं, आणि तेराव्या ते अठराव्या वर्षांत खरा फरक तिथेच पडतो.

आधी आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५७ टक्के मुलींचं हिमोग्लोबिन कमी आढळलं. आधीच्या फेरीत हाच आकडा ५० च्या आसपास होता. देशभरात मुली ५९ टक्के, मुलगे ३१ टक्के. त्याआधी २०१६ ते १८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटात मुली ४० टक्के आणि मुलगे १८ टक्के असा आकडा आला होता. दोन्हींत इतकी तफावत कशी? एक कारण तपासणीच्या पद्धतीत आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून थेंब घेतात, पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं होतं. बोट दाबून थेंब काढला की त्यात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. वयोगटही वेगळे आहेत. म्हणून कुठल्याही एका आकड्याला चिकटून बसू नये. पण सौम्य आकडा खरा धरला, तरी दहा मुलींच्या बाकांच्या रांगेत चार जणी कमी रक्तावर गणितं सोडवत बसलेल्या आहेत.

या वयातच असं का होतं हे समजून घ्यायला हवं. तेराव्या-चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते, शरीरात रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, स्नायू वाढतात, आणि या सगळ्याला लोह लागतं. मुलींना त्याच सुमाराला पाळी सुरू होते. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि एक मिलिलिटर रक्तात जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे महिन्याला पंधराएक मिलिग्रॅम. हे लोह शोषून घेऊन भरून काढायचं असतं. नुसतं खाऊन भागत नाही, खाल्लेलं कित्येक पट जास्त असावं लागतं. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या शिफारशींमध्ये १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि १६ ते १८ वयात ३२ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. त्याच वयाच्या मुलग्यांना २२ आणि २६. तिच्या वडिलांना १९ पुरतात. घरात ताट वाढताना मात्र सर्वांत मोठा वाटा वडिलांचा आणि भावाचा असतो, आणि उरलंसुरलं आई आणि मुलगी वाटून घेतात. हा क्रम अजून कित्येक घरांत आहे आणि तो डोळ्यांना खुपायला हवा.

आता एका नेहमीच्या दिवसाचा हिशोब मांडून पाहू. सकाळी चहा आणि खारी. डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. साठ ग्रॅम कणकेतून अडीच मिलिग्रॅम, बटाट्यातून अर्धा. क्लासला जाताना वडापाव किंवा दहा रुपयांचा पुडा, त्यातून फार तर दीड. रात्री वरणभात आणि एक पोळी. वीस ग्रॅम तूरडाळीतून पाऊण-एक, भातातून अर्ध्याहून कमी, पोळीतून सव्वा. बेरीज आठ मिलिग्रॅमच्या आतबाहेर. पोट भरलेलं आहे, मुलगी उपाशी नाही, कुणी तिला काही कमी केलेलं नाही. फक्त तीस हवे होते आणि आठ मिळाले.

आता हेच घर, खर्चही साधारण तेवढाच ठेवून, ताट बदलून पाहू. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, पावणेतीन मिलिग्रॅम. डब्यात दोन पोळ्या आणि मोड आलेल्या मटकीची उसळ. मटकीत शंभर ग्रॅमला जवळपास आठ मिलिग्रॅम लोह आहे, म्हणजे चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीतून तीनाच्या वर. पोळ्यांसकट साडेपाच. मधल्या वेळेला मूठभर फुटाणे, दोन. रात्री बाजरीची एक मोठी भाकरी, ऐंशी ग्रॅम पिठाची, पाच. मेथीची किंवा माठाची भाजी शंभर ग्रॅम, पाच. कुळथाचं पिठलं, सव्वादोन. तिळाची किंवा जवसाची कोरडी चटणी चमचा-दोन चमचे, एक. अळिवाचा एक छोटा लाडू, एक. सगळं मिळून पंचवीसच्या आत. इतकं जपून वाढलेलं ताटही तिसाला पोहोचत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण 'घरचं खाल्लं की सगळं मिळतं' हे वाक्य ऐकून बऱ्याच आया स्वतःला दोष देत बसतात. दोष त्यांचा नाही. गरजच एवढी मोठी आहे. म्हणून तर पुढे गोळीचा विषय येतो, आणि म्हणूनच जे लोह ताटात आहे त्यातलं वाया जाऊ न देणं महत्त्वाचं ठरतं.

वाया घालवणाऱ्यांत चहा पहिला. चहातली तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि आतड्याला ते घेता येत नाही. दूध घातल्याने चहाचा हा गुण जात नाही, उलट दुधातलं कॅल्शियमही थोडी आडकाठी करतं. कॉफीचं तेच. चहा बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्या घरात दिवस चहाने उगवतो तिथे असला सल्ला दोन दिवस टिकतो. चहा जेवणापासून एक तास दूर न्यावा, एवढंच. उठल्यावर लगेच घेतला आणि नाश्ता तासाने केला तर चालेल. सकाळी तेवढा वेळ नसेल तर चहा संध्याकाळच्या चारवर ढकलावा आणि त्यासोबत खाणं नको. जेवल्यावर लगेच चहा पिण्याची सवय मुलांना अकरावी-बारावीत, अभ्यासाच्या रात्री जागताना लागते. ती तेवढी लागू देऊ नये.

दुसऱ्या बाजूला आंबट. इथे लिंबाच्या फोडीचं कौतुक करताना तिचं मापही सांगायला हवं. शंभर मिलिलिटर लिंबाच्या रसात ५० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. अर्ध्या लिंबातून वीस मिलिलिटर रस निघाला, तर दहा मिलिग्रॅम. बशीच्या कडेची पातळ फोड पिळून दोन-तीन मिलिग्रॅम मिळाले तर मिळाले. ते चवीपुरतं. लोहाच्या शोषणात फरक दिसायला जेवणासोबत निदान २५, आणि चांगला फरक हवा असेल तर ५० मिलिग्रॅम लागतं. अर्ध्या लिंबाने तेवढं होत नाही, पण नुसत्या फोडीपेक्षा अर्धं लिंबू सबंध पिळावं, तेही गॅस बंद केल्यावर, ताटात. कढईत उकळत्या पदार्थावर पिळलं तर उष्णतेने बरंच नासतं. आणि लिंबाहून मोठा हात पेरूचा आहे. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या वर मिलिग्रॅम, आवळ्यात अडीचशे. डब्यासोबत अर्धा पेरू दिला की उसळीतलं लोह कामी लागतं. हिवाळ्यात एक आवळा किसून कोशिंबिरीत. ज्या दिवशी दोन्ही नाही त्या दिवशी डब्याच्या झाकणात अर्धं लिंबू आणि भरपूर कोथिंबीर. फळ संध्याकाळी वेगळं खाल्लं तर इतर फायदे आहेतच, पण लोहाला त्याचा उपयोग होत नाही. दोन्ही एकाच वेळी पोटात असावे लागतात.

लाल रंगाबद्दलही बोलायला हवं, कारण रक्त कमी म्हटलं की घरात बीट आणि डाळिंब येतं. बिटात शंभर ग्रॅमला पाऊण मिलिग्रॅम लोह आहे, डाळिंबात त्याहूनही कमी. सफरचंद कापल्यावर तांबूस पडतं ते लोहामुळे नव्हे. गुळात शंभर ग्रॅमला साडेचार आहे, पण खडा दहा ग्रॅमचा, म्हणजे अर्धा मिलिग्रॅमही नाही. पालकात तीन, आणि त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या द्रव्यामुळे तेही हाती लागणं कठीण. खरं लोह दिसायला साध्या पदार्थांत बसलेलं आहे. अळीव, तीळ, कुळीथ, मटकी, हरभरा, राजगिरा, बाजरी, मेथी. यांतलं काहीच बिटासारखं लाल नाही आणि बहुतेक किराणा दुकानाच्या मागच्या गोणीत असतं. मांसाहारी घरांत गोष्ट थोडी सोपी आहे. मटण, कलेजी, मासे यांतलं लोह वेगळ्या रूपात असतं, ते दोन-तीन पट जास्त शोषलं जातं आणि सोबतच्या भाकरी-भाजीतल्या लोहालाही हात देतं. आठवड्यातून दोनदा थोडं मटण असेल तर रश्शासोबत मुलीच्या ताटात दोन फोडीही पडल्या पाहिजेत. कलेजी बहुतेक वेळा घरातल्या पुरुषांच्या वाट्याला जाते. ज्यांना ती सर्वांत जास्त हवी त्यांना ती मिळत नाही.

आता मटकीकडे वळतो, कारण मोड आणण्याने जे होतं ते फार सुंदर आहे. डाळी-कडधान्यांत फायटेट नावाचं द्रव्य असतं. बीज आपलं फॉस्फरस त्यात साठवून ठेवतं आणि ते द्रव्य लोह, जस्त, कॅल्शियम यांना घट्ट धरून बसतं. दाणा भिजला आणि अंकुर फुटू लागला की बीज स्वतःच ते फोडायला लागतं, त्याला ते फॉस्फरस रोपासाठी हवं असतं. त्या गडबडीत धरून ठेवलेलं लोह मोकळं होतं. वर थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं, जे कोरड्या दाण्यात जवळपास नसतं. म्हणजे लोह सोडवणारं आणि ते शोषायला मदत करणारं, दोन्ही एका फडक्यात तयार होतं.

माणशी चाळीस ग्रॅम धरून चौघांसाठी एकशेसाठ ग्रॅम मटकी पुरते. सकाळी निवडून, धुऊन, तिच्या तिप्पट पाण्यात भिजवायची. आठ तास. त्याहून जास्त ठेवली, विशेषतः मे महिन्यात, तर पाण्याला वास येतो आणि दाणे गुदमरतात. संध्याकाळी पाणी पूर्ण निथळायचं, चाळणीत दहा मिनिटं ठेवायचं, मग ओलसर सुती फडक्यात सैलसर बांधून ठेवायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं. फडक्यातून पाणी टपकत असेल तर मटकी बुळबुळीत होते आणि आंबूस वास येतो. गाठोडं फार आवळलं तर मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि तेवढेच दाणे मोडाविना राहतात. फडकं सुकलं तर मोड आखूड राहतात, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा पाण्याचा हात फिरवायचा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत बोटाच्या अर्ध्या पेराएवढे मोड येतात, पुण्या-नाशिकच्या थंडीत चोवीस तास लागतात. तेव्हा गाठोडं झाकणाच्या डब्यात घालून ओट्यावर उबदार जागी ठेवावं. बारीक मोड आले की पुरे. लांब मोड दिसायला छान, पण उसळ गिळगिळीत होते. शिजवताना कुकरच्या तीन शिट्ट्या नकोत. कढईत झाकण ठेवून वाफेवर बारा-पंधरा मिनिटं, दाणा बोटांत दाबला की चेपावा पण फुटू नये. सोडा मुळीच घालू नये.

आंबवण्यानेही हेच साधतं. इडली, आंबोळी, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील. नाचणीत लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, पण कॅल्शियम ३६० च्या वर, दुधाच्या तिप्पट. हाडं सर्वांत वेगाने भरण्याचा काळ मुलींत साडेबाराव्या आणि मुलग्यांत चौदाव्या वर्षाच्या मागेपुढे येतो. प्रौढपणीच्या हाडांतला जवळपास चौथा हिस्सा त्या दोन-तीन वर्षांतच जमा होतो, आणि १३ ते १५ वयात दिवसाला १००० व १६ ते १८ वयात १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे. नाचणीची एक भाकरी, कपभर दूध, वाटीभर दही, चमचाभर तीळ, थोडी पालेभाजी एवढ्यात ते गाठता येतं. फक्त दुधाचा पेला लोहाच्या जेवणाला चिकटवू नये. तो झोपताना द्यावा.

लोखंडी कढईचं महत्त्व आजीला माहीत होतं, कारण सांगता येत नसलं तरी. आंबट, पातळ पदार्थ लोखंडात शिजला की भांड्यातलं थोडं लोह त्यात उतरतं. टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी, कुळथाचं पिठलं यांना ती योग्य. किती उतरेल ते आंबटपणा आणि वेळ यांवर ठरतं. भाकरीसारख्या कोरड्या पदार्थात तव्यातून फारसं काही येत नाही. झाल्याबरोबर पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढावा. तासभर तसाच राहिला तर काळपट होतो, तोंडात धातूची चव येते आणि मुलं ताट बाजूला सारतात. मग कढई माळ्यावर जाते. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचं बोट फिरवलं की गंज चढत नाही.

शाळेतल्या जेवणाचा एक मुद्दा मला कायम अस्वस्थ करतो. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला दीडशे ग्रॅम धान्य, तीस ग्रॅम डाळ, पंच्याहत्तर ग्रॅम भाजी असं माप आहे, साधारण ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. मुलं तिला खिचडीच म्हणतात. ही खिचडी आठवीच्या शेवटच्या दिवशी संपते. नववीत शाळा तीच, इमारत तीच, भूक मात्र वाढलेली, लोहाची गरज सर्वांत वर, आणि ताट बंद. ज्या मुलीचं दिवसातलं एकमेव धड जेवण शाळेत होतं, तिचं नववीपासून काय होतं हे शिक्षकांना माहीत असतं. ही योजना दहावीपर्यंत न्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेत मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे निळी गोळी. सरकारी आणि अनुदानित शाळांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा, बहुतेक ठिकाणी सोमवारी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी देतात. शाळेबाहेरच्या मुलींना ती अंगणवाडीत मिळते. गोळी चांगली आहे, द्यायची रीत चुकते. सकाळच्या सत्रात, रिकाम्या पोटी, पन्नास मुलांना रांगेत गोळी दिली की दोघी-तिघींना मळमळतं, एखादी ओकते, आणि पुढच्या सोमवारी निम्मा वर्ग गोळी जिभेखाली धरून नळावर थुंकतो. जेवणानंतर अर्ध्या तासाने, पेलाभर पाण्यासोबत, जमल्यास लिंबाच्या सरबतासोबत द्यावी. दूध-चहासोबत नको. आणि आधीच सांगून ठेवावं, की शौचाला काळं होईल, ते लोहामुळे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे न सांगितल्याने सुटलेल्या गोळ्या कितीतरी असतील. त्यासोबत वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, जंताची गोळी असते. ती चावून खायची. अनवाणी शेतात फिरणाऱ्या मुलांच्या तळपायातून अंकुशकृमी शिरतात आणि आतड्याला चिकटून रोज थोडं रक्त पितात. तिथे नुसतं ताट सुधारून भागत नाही.

रक्त आधीच कमी झालं असेल तर आठवड्याची गोळी पुरत नाही, आणि अळिवाचे लाडूही पुरत नाहीत. हिशोब करून पाहा. मुलीच्या अंगात तीन लिटर रक्त आहे, हिमोग्लोबिन दहावरून बारावर न्यायचं आहे. डेसिलिटरला दोन ग्रॅम, म्हणजे एकूण साठ ग्रॅम हिमोग्लोबिन. प्रत्येक ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम लोह. दोनशे मिलिग्रॅम झाले. चांगल्या ताटातून रोज दोन मिलिग्रॅम शोषले जातात आणि त्यातले बहुतेक रोजच्या खर्चात जातात. म्हणून सौम्य आणि मध्यम ॲनिमियात, म्हणजे रक्त कमी असताना, या वयाला रोज दोन निळ्या गोळ्या तीन महिने, असा ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातला उपचार आहे. तो प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचा. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर घरी काहीही न करता थेट रुग्णालय.

घरच्यांनी ओळखायच्या खुणा साध्या आहेत. जिना चढताना दम, सतत थकवा, खालची पापणी ओढली की आतली बाजू फिकी. आणि एक खूण अशी, की तिच्यावर घरात ओरडाच बसतो. मुलगी कच्चे तांदूळ खाते. कुणी खडू, कुणी पाटीवरची पेन्सिल, कुणी मातीच्या भांड्याचा तुकडा, कुणी फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावत बसते. 'अशाने पोटात दगड होतील' म्हणून डबा वर ठेवला जातो. ही खोड बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असते आणि लोह भरून निघालं की आपोआप सुटते. तीच मुलगी विज्ञानाच्या पेपरात 'लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया होतो' असं लिहून पूर्ण गुण मिळवते. तिने लिहिलेलं वाक्य आणि तिच्या मुठीतले तांदूळ यांचा संबंध तिला कुणी दाखवलेला नसतो.

मुलग्यांचं थोडक्यात. सोळा ते अठरा वयात ५५ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. दोन अंडी तेरा ग्रॅम, तीन भाकऱ्या पंधरा, दिवसभरातली साठ ग्रॅम डाळ-कडधान्यं तेरा, मूठभर शेंगदाणे सात, दीड पेला दूध दहा. अठ्ठावन्न झाले. व्यायामशाळेतला प्रथिनांच्या पावडरीचा मोठा डबा विकत घेण्याआधी हा हिशोब त्याच्यासमोर कागदावर मांडावा. त्या डब्याच्या पैशांत महिनाभराची अंडी आणि दूध येतं.

शाकाहारी घरांत बी-१२ या जीवनसत्त्वावर वेगळं लक्ष ठेवावं लागतं, कारण ते वनस्पतीत नसतंच. कपभर दुधात जेमतेम एक मायक्रोग्रॅम, आणि रोजची गरज सव्वादोनच्या आसपास. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. दोन तृतीयांश मातांत बी-१२ कमी निघालं. पुढे तीच मुलं किशोरवयात आली तेव्हा, २०१२ पासून, त्यांना बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे पाहण्याचा प्रयोग त्याच गावांत झाला. सतराव्या वर्षीचं ताट अजून न जन्मलेल्या बाळापर्यंत जातं, हे या गावांच्या वाटेने मराठी घरांना समजून घेता येईल. लोहाची गोळी घेऊनही थकवा जात नसेल तर बी-१२ तपासून घ्यावं.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याचं थालीपीठ. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला आठ मिलिग्रॅम लोह आहे, साबुदाण्यात नावापुरतं. आणि पाळीच्या दिवसांत मुलीचं खाणं कमी करणारे जे काही नियम घरात उरले असतील ते काढून टाकावेत. त्या चार दिवसांत तिचं ताट आणखी भरलेलं हवं.

उपचार सुरू केल्यावर महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन तपासावं. निदान एक ग्रॅम वाढलेलं दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तर आधी गोळ्यांची पाकिटं मोजावीत, रागावून नव्हे, शेजारी बसून. गोळ्या खरंच घेतल्या गेल्या असतील तर गोळीची वेळ आणि चहाची वेळ विचारावी. तीही ठीक असेल, पाळीत जाणारं रक्त फार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि कुटुंब विदर्भातलं, नंदुरबारकडचं असेल, तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्यावी, कारण त्या ॲनिमियावर लोह हा इलाजच नव्हे. एक ग्रॅमने वाढलं असेल तर गोळ्या तशाच चालू ठेवायच्या. हिमोग्लोबिन बाराला टेकलं तरी डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत थांबू नये, शरीराची लोहाची कोठी भरायला त्यानंतरही दोन-तीन महिने लागतात. हिमोग्लोबिनच्या आधीच्या आणि नंतरच्या तपासणीच्या दोन्ही चिठ्ठ्या फ्रीजच्या दारावर शेजारी शेजारी लावाव्यात, तारखेसकट, मुलीला रोज दिसतील अशा.